तिथी म्हणजे नेमकं काय? सण ‘आज की उद्या’ हा घोळ का होतो? नाथषष्ठीपासून पोळ्यापर्यंत जिल्ह्यातल्या तिथींची सविस्तर माहिती

छत्रपती संभाजीनगर : २०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला करायचं की १ नोव्हेंबरला, यावरून घराघरांत वाद झाले. उत्तरेतल्या बहुतेक ठिकाणी ३१ ऑक्टोबरला पूजा झाली, तर महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिली होती. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. उत्तरेत २० ऑक्टोबर, आपल्याकडे २१ ऑक्टोबर २०२५. मोबाईलवर एक तारीख, भिंतीवरच्या कॅलेंडरात दुसरी, आणि गावातले गुरुजी तिसरंच काही सांगतात, असं झालं की माणूस वैतागतो. ‘यांचंच यांना कळत नाही’ असंही बोललं जातं.

खरं तर यात कुणी चुकलेलं नसतं. तिथी आणि तारीख ही दोन वेगवेगळी मापं आहेत. त्यांची सांगड कशी घालतात हे एकदा समजलं, की बराचसा घोळ सुटतो. आपल्या जिल्ह्यात यात्रा, वारी, श्राद्धं, बैलांचा सण आणि सालगड्याचा करारसुद्धा तिथीवर चालतो. म्हणून हा हिशेब माहीत असणं उपयोगाचं आहे.

तिथी म्हणजे दिवस नव्हे

तारीख रात्री बारा वाजता बदलते. वार आपल्याकडे सूर्योदयाला बदलतो असं मानतात. तिथी मात्र दिवसा, रात्री, पहाटे, कधीही बदलू शकते. कारण ती घड्याळावर नव्हे, सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतरावर ठरते.

अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत असतात. तिथून चंद्र पुढे सरकू लागतो. दोघांत १२ अंशांचं अंतर पडलं की प्रतिपदा संपते आणि द्वितीया लागते. २४ अंश झाले की तृतीया. असे १८० अंश पूर्ण झाले की पौर्णिमा संपते आणि पुढचे १८० अंश पूर्ण झाले की अमावास्या. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश भागिले १२, म्हणजे एका चांद्रमासात ३० तिथी. हा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो.

चंद्र कधी वेगानं चालतो, कधी हळू. त्यामुळे एक तिथी साधारण १९ तासांचीही असू शकते आणि २६ तासांचीही. यातूनच ‘क्षय’ आणि ‘वृद्धी’ हे शब्द आले. एखादी तिथी सूर्योदयानंतर लागून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिला क्षय तिथी म्हणतात. एकच तिथी सलग दोन सूर्योदयांना असेल, तर ती वृद्धी तिथी.

ताजं उदाहरण शके १९४८ च्या गुढीपाडव्याचं. १९ मार्च २०२६ ला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, पण अमावास्या संपते सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी. म्हणजे सूर्योदयाला अमावास्याच. त्यानंतर लागलेली प्रतिपदा दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवायच्या आत संपते. प्रतिपदेला सूर्योदय मिळतच नाही, तरी तिथीचा सगळा काळ १९ आणि २० मार्चच्या सूर्योदयांच्या मधेच येतो, म्हणून पाडवा १९ मार्चलाच.

ज्या वेळेचं व्रत, त्या वेळेची तिथी

‘सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची तिथी’ हा साधा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. रोजच्या व्यवहाराला तो पुरतो. पण सण-व्रतांसाठी शास्त्रकारांनी आणखी एक गोष्ट पाहिली : पूजा दिवसातल्या कोणत्या वेळी करायची? त्या वेळेला ती तिथी असली पाहिजे. वेळा अशा :

- अरुणोदय (सूर्योदयापूर्वीची सुमारे दीड तास) : एकादशी ठरवताना पाहतात.
- मध्यान्ह (दुपार) : गणेश चतुर्थी, रामनवमी.
- अपराण्ह (दुपारनंतर) : दसरा, श्राद्ध.
- प्रदोष (सूर्यास्तानंतरचा काळ) : लक्ष्मीपूजन, प्रदोष व्रत, होळी.
- चंद्रोदय : संकष्टी चतुर्थी.
- मध्यरात्र : महाशिवरात्र, गोकुळाष्टमी, कोजागिरी.

आता २०२६ ची गणेश चतुर्थी पाहा. १४ सप्टेंबरला सूर्योदयाला तृतीया आहे आणि चतुर्थी सकाळी सातनंतर लागते. १५ तारखेला सूर्योदयाला चतुर्थी आहे, पण ती सकाळीच संपते. नुसता सूर्योदय पाहिला तर गणपती १५ ला बसवावे लागतील. पण गणपतीची वेळ दुपारची. दुपारी चतुर्थी मिळते ती १४ लाच, म्हणून गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला.

वेरूळच्या घृष्णेश्वराची महाशिवरात्रही अशीच ठरते. २०२६ मध्ये चतुर्दशी १५ फेब्रुवारीला संध्याकाळी पाचच्या सुमारास लागून १६ ला संध्याकाळी संपते. मध्यरात्र मिळते ती १५ ची, त्यामुळे महाशिवरात्र १५ लाच.

लक्ष्मीपूजनाचा वाद याच नियमातून निघाला. २०२४ मध्ये अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या आधी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. म्हणजे दोन्ही दिवशी सूर्यास्तानंतर अमावास्या होती, पहिल्या दिवशी रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी थोडाच वेळ. अशा वेळी दुसरा दिवस घ्यावा, हा पक्ष आपल्याकडच्या पंचांगांनी धरला. रात्रभर अमावास्या मिळते तो पहिला दिवस घ्यावा, असं दुसऱ्या पक्षाचं म्हणणं. गणित दोघांचं एकच होतं, फरक होता तो निर्णयाच्या नियमात.

एकादशी दोन का असतात?

कॅलेंडरात कधी कधी एका दिवशी ‘स्मार्त एकादशी’ आणि दुसऱ्या दिवशी ‘भागवत एकादशी’ असं छापलेलं असतं. अरुणोदयाच्या वेळी दशमी शिल्लक असेल, तर ती एकादशी दशमीनं ‘विद्ध’ झाली असं भागवत संप्रदायात मानतात आणि उपवास दुसऱ्या दिवशी धरतात. वारकरी भागवत एकादशी पाळतात. त्यामुळे गळ्यात माळ असलेल्या घरानं आणि शेजारच्या घरानं वेगवेगळ्या दिवशी उपवास केला, तरी दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

वर्षात २४ एकादशा येतात. अधिक महिना असेल त्या वर्षी २६. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, ते वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला दर्शनाला जातात.

शुद्ध, वद्य आणि उत्तरेतलं कॅलेंडर

अमावास्येनंतर चंद्र वाढत जातो तो शुद्ध किंवा शुक्ल पक्ष, पौर्णिमेनंतर कमी होत जातो तो वद्य किंवा कृष्ण पक्ष. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला. म्हणून शुद्ध पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे सारखं असतं आणि वद्य पक्षात उत्तरेत पुढच्या महिन्याचं नाव येतं. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र उत्तरेत फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची होते. रात्र मात्र तीच. श्रावण उत्तरेत पंधरा दिवस आधी लागतो तोही याचमुळे. हिंदी मालिका किंवा मोबाईलवरचा संदेश पाहून ‘श्रावण लागला’ असं समजण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

पाडव्यापासून अवसेपर्यंत : कोणत्या तिथीचं काय महत्त्व

प्रतिपदा (पाडवा) : चैत्रात गुढी, अश्विनात घटस्थापना, कार्तिकात बलिप्रतिपदा. घटस्थापनेपासून शहरात कर्णपुऱ्याची यात्रा भरते.

द्वितीया (बीज) : भाऊबीज. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज.

तृतीया (तीज) : वैशाखात अक्षय्य तृतीया, भाद्रपदात हरतालिका. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याचा घट भरतात. सोयगाव, कन्नडच्या खानदेशाकडच्या गावांत हीच ‘आखाजी’.

चतुर्थी (चौथ) : शुद्धातली विनायकी, वद्यातली संकष्टी. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी.

पंचमी : श्रावणात नागपंचमी, भाद्रपदात ऋषिपंचमी, माघात वसंत पंचमी, फाल्गुन वद्यात रंगपंचमी.

षष्ठी : मार्गशीर्षात खंडोबाची चंपाषष्ठी, तिची यात्रा शहरालगतच्या सातारा गावी भरते. फाल्गुन वद्यात पैठणची नाथषष्ठी.

सप्तमी : माघात रथसप्तमी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरकडे निघते.

अष्टमी : श्रावण वद्यात गोकुळाष्टमी. ज्ञानेश्वर महाराजांचा जन्मही याच तिथीचा मानतात. पैठण तालुक्यातलं आपेगाव हे त्यांचं जन्मगाव.

नवमी : रामनवमी, खंडेनवमी, माघ वद्यात दासनवमी.

दशमी : अश्विनात दसरा.

एकादशी : विठ्ठलाची तिथी.

द्वादशी (बारस) : अश्विन वद्यात वसुबारस, गाय-वासराची पूजा. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्नं.

त्रयोदशी (तेरस) : धनतेरस आणि प्रदोष. कार्तिक वद्य त्रयोदशी ही ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीची तिथी. जैन समाजाची महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीला.

चतुर्दशी : अनंत चतुर्दशी, नरक चतुर्दशी, महाशिवरात्र.

पौर्णिमा (पुनव) : चैत्रात हनुमान जयंती, तेव्हा शहरातून रात्रभर पायी चालत लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातात. वैशाखात बुद्ध पौर्णिमा, ज्येष्ठात वटपौर्णिमा, आषाढात गुरुपौर्णिमा, श्रावणात राखी, अश्विनात कोजागिरी. कार्तिक पौर्णिमेला कचनेरची जैन यात्रा. मार्गशीर्षात दत्त जयंती, फाल्गुनात होळी.

अमावास्या (अवस, आमुशा) : श्रावणात पोळा, भाद्रपदात सर्वपित्री, अश्विनात लक्ष्मीपूजन. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिवकडे वेळ अमावास्या, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा दिवस.

अमावास्या अशुभ, असं सरसकट म्हणणारेही पुष्कळ आहेत. पण बैलाला वर्षातून एकदा पुरणपोळीचा घास मिळतो तो अमावास्येला आणि लक्ष्मी घरात येते तीही अमावास्येच्याच रात्री. कापूस पट्ट्यात तर बोंडअळीची फवारणी अवसेच्या आगेमागे करायचा रिवाज आहे, कारण अंधाऱ्या रात्री पतंगांची अंडी घालण्याची लगबग वाढते असा अनुभव सांगितला जातो.

पैठण आणि तिथी यांचं जुनं नातं

प्रत्येक पंचांगावर ‘शालिवाहन शके’ लिहिलेलं असतं. परंपरेनं हा शालिवाहन पैठणचा. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी होती, आणि पाडव्याची गुढी त्याच्या विजयाची, असं लोक मानतात. इतिहासकार शकाची सुरुवात कुषाण किंवा क्षत्रप राजांशी जोडतात. इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो. पाडव्याच्या आधीचे महिने असतील तर ७९ वजा करायचे.

नाथषष्ठीला ‘पंचपर्वा षष्ठी’ म्हणतात. परंपरेप्रमाणे फाल्गुन वद्य षष्ठी या एकाच तिथीला पाच गोष्टी जुळून आल्या : नाथांचे गुरू जनार्दन स्वामी यांचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, गुरु-शिष्याची भेट, जनार्दन स्वामींची समाधी आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस एकनाथ महाराजांनी गोदावरीत घेतलेली समाधी. जनार्दन स्वामी देवगिरीचे, म्हणजे आजच्या दौलताबादचे, किल्लेदार. गुरुवारी ते दत्ताच्या उपासनेत असत आणि किल्ल्यावरही त्या दिवशी सुट्टी असे, असं सांगतात. पैठणची यात्रा षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी अशी तीन दिवस चालते. अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटली की यात्रेची सांगता.

नाथांशी आणखी एक षष्ठी जोडलेली आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. ते काम कपिलाषष्ठीला पूर्ण झालं. म्हणून भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात योग आणि सूर्य हस्त नक्षत्रात, असं सगळं एकत्र आलं तरच कपिलाषष्ठी. हे क्वचितच घडतं. दुर्मिळ गोष्टीला आपण ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणतो, ते यावरूनच.

धोंड्याचा महिना आणि सालगड्याचं साल

बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांची तूट पडते. ती तशीच राहू दिली तर पोळा उन्हाळ्यात येईल आणि होळी पावसाळ्यात. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढवतात. ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलत नाही, म्हणजे संक्रांत येत नाही, तो अधिक मास. गावाकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं वाण देतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून.

याचा पैशाशीही संबंध आहे. मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडवा ते पाडवा धरतात. ३० मार्च २०२५ च्या पाडव्यापासून १९ मार्च २०२६ च्या पाडव्यापर्यंत ३५४ दिवस होतात. १९ मार्च २०२६ पासून ७ एप्रिल २०२७ च्या पाडव्यापर्यंत मात्र ३८४. साल एकच, काम तीस दिवस जास्त. ठरलेली रक्कम तीच राहिली तर महिनाभराची मेहनत गड्याच्या अंगावर पडते. तेव्हा बोलणी करतानाच धोंड्याचा महिना सालात धरला आहे की नाही, हे दोन्ही बाजूंनी स्पष्ट करून घेतलेलं बरं. तारखेवर करार केला तर हा प्रश्नच उरत नाही.

तारीख की तिथी?

छत्रपती शिवाजी महाराजांची जयंती शहरात दोनदा होते. सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला, आणि तिथी मानणारे ती फाल्गुन वद्य तृतीयेला करतात. जन्म शके १५५१ मधल्या या तृतीयेचा. त्या दिवसाची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १ मार्च येतो. राज्याभिषेक दिनही असाच, ६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी असा दोन्ही प्रकारे होतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तो दिवस विजयादशमीचा होता. त्यामुळे धम्मचक्र प्रवर्तन दिन कुठे १४ ऑक्टोबरला, तर कुठे विजयादशमीला साजरा होतो.

खुलताबादच्या उरुसाचं गणित वेगळं. हिजरी वर्षही चंद्राचंच, ३५४ दिवसांचं, पण त्यात अधिक महिना नाही. म्हणून उरूस, रमजान, ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा जागेवर येतात.

घरातल्या माणसाची तिथी कशी काढायची?

सगळ्यांत जास्त अडचण येते ती इथं. वडील गेल्याची तारीख मृत्यूच्या दाखल्यावर असते, तिथी कुठंच नसते. वर्षश्राद्ध आणि पितृपंधरवडा तिथीवर असतो. निधनाच्या वेळी जी तिथी चालू होती ती धरतात. त्यासाठी तारखेबरोबर वेळही लागते. पहाटे तीनला निधन झालं आणि तिथी मध्यरात्रीनंतर बदलली असेल, तर नुसत्या तारखेवरून काढलेली तिथी चुकते. म्हणून घरात तारीख, वेळ, मराठी महिना, पक्ष आणि तिथी हे सगळं त्याच दिवशी एका वहीत लिहून ठेवावं.

भाद्रपद वद्य पक्षात ज्याची जी तिथी, त्या दिवशी त्याचं श्राद्ध. निधन कोणत्याही महिन्यातलं असो, पंधरवड्यात फक्त तिथी पाहतात. सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला, अपघातात किंवा शस्त्रानं गेलेल्यांचं चतुर्दशीला. तिथी ठाऊकच नसेल, तर सर्वपित्री अमावास्या आहेच. पैठणचे गोदाकाठचे घाट असोत की गंगापूर तालुक्यातलं कायगाव, या दिवशी तिथं गर्दी असते. तिथी हरवली म्हणून कुणाचं श्राद्ध राहून जात नाही, ही सोय जुन्यांनी करून ठेवली आहे.

कॅलेंडर बघताना एवढं लक्षात ठेवा

- तिथीपुढं दिलेली वेळ ती तिथी संपण्याची असते, लागण्याची नव्हे.
- कॅलेंडर कोणत्या गावासाठी आहे ते पाहा. मुंबईपेक्षा आपल्याकडे सूर्य दहाएक मिनिटं आधी उगवतो. संकष्टीचा चंद्रोदय आपल्या शहराचाच घ्यावा.
- मोबाईलवरच्या ॲपमध्ये ‘अमांत’ पद्धत आणि आपलं शहर निवडा. ‘पूर्णिमांत’ निवडलेलं असेल तर वद्य पक्षातल्या महिन्याचं नाव उत्तरेप्रमाणे दिसेल.
- दोन कॅलेंडरांत फरक दिसला, तर पूजेच्या वेळेला कोणती तिथी आहे ते आधी बघा.
- गावची यात्रा किंवा पालखी असेल, तर देवस्थाननं जाहीर केलेला दिवस अंतिम धरा. एसटीच्या जादा गाड्या आणि बंदोबस्त त्याच दिवसाप्रमाणे लागतात.